ऑक्सिमीटरचा आकडा: कधी मानायचा आणि कधी पुन्हा घ्यायचा

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अजून कितीतरी घरांत आहे. तो वापरण्याची पद्धतही त्याच घाईच्या दिवसांतली राहिली आहे: बोट घातले, पहिला आकडा पाहिला, काढून ठेवले. या घाईतून दोन उलट चुका होतात. गार पडलेल्या बोटावर ८७ दिसते आणि बऱ्या माणसाला मध्यरात्री हॉस्पिटलात पळवले जाते. किंवा धाप लागलेल्या आजोबांचे ९६ दिसते आणि ‘ऑक्सिजन चांगला आहे, झोपा’ असे सांगितले जाते. दुसरी चूक जिवावर बेतते, म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. घरी एकदा तपासायचे असो की वॉर्डात रात्रभर लक्ष ठेवायचे असो, क्रम बदलत नाही.

सुरुवातीला एवढेच लक्षात घ्या. यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवते, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेले आणि न घेतलेले हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटात जे रक्त येते, त्यावरूनच यंत्र हिशेब मांडते: त्यातल्या किती टक्के हिमोग्लोबिनने ऑक्सिजन घेतला आहे. ठोका नीट सापडला नाही तर पुढचे सगळे अंदाजपंचे. आणि ठोका सापडला तरी चांगल्या यंत्राचा आकडा खऱ्या पातळीपेक्षा दोन-तीन अंकांनी कमी किंवा जास्त असू शकतो. ९५ दिसले म्हणजे खरी पातळी साधारण ९२ ते ९८ यांच्यामध्ये आहे, असे समजायचे.

## टप्पा १: आधी माणूस, मग यंत्र

ऑक्सिमीटर शोधायला कपाटाकडे जाण्याआधी रुग्णाकडे एक मिनिट पाहा. पूर्ण एक मिनिट, कारण श्वास मोजायचे आहेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, त्यात फरक पडतो. ‘तुमचे श्वास मोजतोय’ असे सांगूही नका. सांगितले की माणूस जाणीवपूर्वक श्वास घेऊ लागतो आणि मोजणी बिघडते. मनगट धरून नाडी पाहत असल्यासारखे बसा आणि छातीची हालचाल मोजा.

प्रौढ माणसाचे श्वास आरामात मिनिटाला १२ ते २० असतात. २४ च्या वर गेले तर आकडा काहीही असो, डॉक्टरांना कळवायचे.

त्याच वेळी पाहा: एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येते का? ओठ, जीभ निळसर दिसते का? मान आणि बरगड्यांमधले स्नायू ओढले जातात का? नेहमीपेक्षा गुंगीत किंवा गोंधळलेला वाटतो का?

सावधान: वाक्य पुरे होत नाही, ओठ निळे पडलेत, माणूस बरळतोय किंवा उठवल्यावर उठत नाही, असे काहीही दिसले तर १०८ ला फोन करा. ऑक्सिमीटर त्यानंतर लावा. चांगला आकडा दिसला म्हणून फोन रद्द करू नका.

## टप्पा २: यंत्र स्वतःच्या बोटावर लावून पाहा

घरातल्या निरोगी माणसाच्या, गरम हाताच्या बोटावर आधी लावा. ९६ ते ९९ च्या दरम्यान स्थिर आकडा आला आणि नाडीही जुळली तर यंत्र चालते आहे. निरोगी माणसालाच ८९ दाखवत असेल तर आधी सेल बदला. बहुतेक छोट्या यंत्रांत दोन बारीक सेल असतात, ते दोन्ही एकाच वेळी बदलायचे. सेल उतरलेले यंत्र मध्येच बंद पडते किंवा आकडा फिरवत राहते.

निरोगी बोटावर बरोबर आकडा येणे म्हणजे यंत्र अचूक असल्याचा पुरावा मात्र नाही. स्वस्त यंत्रे ९५ च्या वर ठीक वागतात आणि ९० च्या खाली, जिथे खरी गरज असते, तिथे भरकटतात. घरी ते तपासण्याचा उपाय नाही. म्हणून विकत घेतानाच काळजी घ्या. खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक आणि आयएसओ ८०६०१-२-६१ या मानकाचा उल्लेख पाहा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या अॅपवर रुग्णाचा कोणताही निर्णय घेऊ नका. मनगटी घड्याळात दिसणारा आकडाही आजारी माणसासाठी वापरू नका.

## टप्पा ३: बोट तयार करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि नेमका हाच टप्पा लोक गाळतात.

विश्रांती. जिना चढून, आंघोळ करून, जेवून किंवा खोकल्याची उबळ येऊन गेल्यावर लगेच लावू नका. पाच मिनिटे शांत बसू द्या. चालल्यावरचा आकडा मुद्दाम हवा असेल तर ती तपासणी वेगळी. ती टप्पा ८ मध्ये आहे.

ऊब. गार हातात रक्तवाहिन्या आखडतात, ठोका क्षीण होतो, आकडा खाली घसरतो किंवा येतच नाही. एसी खोलीत, थंडीच्या सकाळी, ताप चढताना हुडहुडी भरल्यावर हे हमखास होते. हात कोमट पाण्यात दोन मिनिटे धरा आणि कोरडे पुसा, किंवा दोन्ही तळव्यांत चोळा. गरम पाण्याची पिशवी थेट बोटावर ठेवू नका. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्या माणसाला भाजलेले कळत नाही.

नख. काळे, निळे, हिरवे नेलपॉलिश आकडा बिघडवते. रिमूव्हरने एका बोटाचे तरी काढा. चिकटवलेली कृत्रिम नखे असतील तर दुसरे बोट शोधा. मेंदीचे काय, असे लग्नसराईत नेहमी विचारतात. फिकट लाल रंगल्याने फारसा फरक पडत नाही. पण बोटांची टोके गडद काळपट रंगली असतील तर सिग्नल अडतो. अशा वेळी पायाचे बोट घ्या. हळद लागलेले बोट साबणाने धुवा. तेल, मलम, माती, शेणाने सारवलेल्या अंगणात काम करून आलेला हात, सगळे धुऊन, पुसून मग.

हात कोणता? ज्या दंडावर बीपीचा पट्टा आहे तो हात नको. पट्टा फुगला की त्या हातातले रक्त थांबते आणि ऑक्सिमीटर खोटा इशारा देतो. वॉर्डात रात्री वाजणाऱ्या कितीतरी अलार्ममागे एवढेच कारण असते. सुजलेला हात, लकव्याचा गारठलेला हात, डायलिसिसची फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेला हातही टाळा.

बोट कोणते? मधले किंवा अंगठीचे बोट बहुतेकांना चांगले बसते. तर्जनीही चालते. अंगठा यंत्रात नीट मावत नाही, करंगळी सैल राहते. एकदा ठरवलेला हात आणि बोट पुढच्या प्रत्येक वेळी तेच ठेवा, नाहीतर सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांची तुलना होत नाही.

## टप्पा ४: लावण्याची रीत

१. रुग्णाला बसवा किंवा डोके उंच करून टेकवा. पालथे झोपवलेल्या रुग्णाचा आकडा वेगळा येऊ शकतो, म्हणून स्थिती लिहून ठेवायची.

२. हात टेबलावर, उशीवर किंवा स्वतःच्या छातीवर ठेवायला सांगा. बोट हवेत धरू नये. हात लोंबकळत ठेवला तर शिरांतले रक्त साचते आणि आकडा कमी दिसतो.

३. नख वर, पडद्याच्या बाजूला. बोट आतल्या टोकाला टेकेपर्यंत सारा. अर्धे घातलेले बोट ही नेहमीची चूक आहे. प्रकाश बाजूने निसटतो आणि आकडा फसवा येतो.

४. खिडकीतून थेट ऊन येत असेल, वर प्रखर दिवा असेल तर हातावर रुमाल किंवा चादरीचे टोक टाका.

५. बोलणे, खोकणे, बोटे हलवणे थांबवा. कंपवाताच्या रुग्णाचा हात दुसऱ्याने अलगद धरून ठेवावा, पण यंत्र दाबू नये. वरून दाबले की ठोकाच दबतो.

## टप्पा ५: एक मिनिट थांबा

यंत्र सुरू होताच पडद्यावर जो आकडा चमकतो तो वाचायचा नाही. नाडी सापडेपर्यंत तो वर-खाली होतो. घड्याळ लावून निदान एक मिनिट थांबा. मग आकडा पाच-दहा सेकंद एका जागी राहिला की तोच घ्या. मधेच दिसलेला सर्वांत चांगला आकडा निवडण्याचा मोह होतो. तो टाळा.

यंत्र मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवते, आणि फुप्फुसातला बदल बोटापर्यंत पोचायलाही वेळ लागतो. ऑक्सिजन सुरू केल्यावर किंवा नळी निघाल्यावर बोटावरचा आकडा अर्धा मिनिट मागे असू शकतो, गारठलेल्या रुग्णात त्याहून जास्त. नळी काढून लगेच ‘९७ आहे, म्हणजे ऑक्सिजनची गरज नाही’ हा निष्कर्ष त्यामुळे चुकतो.

## टप्पा ६: आकडा मानण्याआधी तीन पडताळण्या

पहिली: कोणता आकडा वाचताय? पडद्यावर दोन असतात. एसपीओ-टू म्हणजे ऑक्सिजन, पीआर म्हणजे नाडी. नाडी ८८ असताना ‘ऑक्सिजन ८८’ असा घाबरून फोन करणारे खूप असतात. आणि नाडीचे ९८ ऑक्सिजन समजून निर्धास्त राहणारेही.

दुसरी: यंत्र उलटे तर धरले नाही? पडद्यावर इंग्रजी अंक असतात. त्या अंकांतले ८६ उलट्या बाजूने ९८ दिसते, आणि ९८ चे ८६ होते. समोर बसून वाचणाऱ्याची ही चूक होते. अक्षरे सुलट दिसताहेत ना, ते आधी पाहा.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: नाडी जुळते का? मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा. नाडी अनियमित वाटली तर पूर्ण मिनिट मोजा. हाताने ८० आणि यंत्रावर ८२ असेल तर ठीक. हाताने ८० आणि यंत्रावर ४५ किंवा १३० असेल तर यंत्राला ठोकाच सापडलेला नाही, मग ऑक्सिजनचा आकडा कितीही सुंदर असो, तो टाकून द्या. यंत्रावर लहरींची रेघ दिसत असेल तर ती एकसारखी, ठोक्याठोक्याला उठणारी हवी. पीआय नावाचा, ठोक्याचा जोर दाखवणारा आकडा असेल तर तो ०.४ च्या खाली असताना संशय घ्या.

जुळले नाही तर या क्रमाने: बोट पुन्हा टोकापर्यंत घाला, हात गरम करा, बोट बदला, हात बदला, पायाचे बोट किंवा कानाची पाळी पाहा (कानासाठी वेगळा प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगाला लावायचा भाग, लागतो), शेवटी यंत्र बदला. हे सगळे मिळून पाच मिनिटांचे काम आहे. त्यात रुग्ण बिघडताना दिसला तर तिथेच थांबा आणि मदत बोलवा.

## टप्पा ७: लिहिताना नुसता आकडा नको

‘सकाळी ९४’ एवढे लिहिलेली वही डॉक्टरांच्या उपयोगाची नसते. ते ९४ साध्या हवेवर होते की मिनिटाला चार लिटर ऑक्सिजनवर? या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. असे लिहा (कंसंट्रेटर म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र):

सकाळी ७.३०. बसून, ऑक्सिजनशिवाय. एसपीओ-टू ९५, नाडी ८४ (हाताने ८२), श्वास १८. उजवे मधले बोट. बोलताना दम नाही.

रात्री ९.००. टेकून, कंसंट्रेटर २ लिटर. एसपीओ-टू ९३, नाडी ९८, श्वास २४. बाथरूमला जाऊन आल्यावर १० मिनिटांनी. दम वाढलाय.

दुसऱ्या नोंदीत आकडा दोनच अंकांनी उतरलेला आहे, पण ऑक्सिजन लावूनही उतरला आहे आणि श्वास वाढले आहेत. हा रुग्ण बिघडतो आहे, हे वहीतूनच कळते. फोनवरही याच क्रमाने सांगा.

दिवसातून दोन-तीनदा, ठरलेल्या वेळी पुरे. त्रास वाढला तर अधिक. दर दहा मिनिटांनी लावल्याने रुग्णही घाबरतो आणि घरचेही.

## टप्पा ८: अर्थ लावणे

फुप्फुसाचा जुना आजार नसलेल्या प्रौढासाठी, विश्रांतीत, साध्या हवेवर:

- ९५ किंवा वर, आणि त्रास नाही: नेहमीच्या वेळी पुन्हा पाहा.
- ९३-९४: टप्पा ३ पासून पुन्हा करा. तोच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.
- ९२ किंवा खाली, दुसऱ्यांदा नीट घेऊनही: हॉस्पिटल गाठा. ९० च्या खाली तर १०८.

९० च्या आसपासची घाई का? त्या पातळीच्या खाली रक्तातला ऑक्सिजन पायऱ्यांनी उतरत नाही, तो कोसळतो. ९७ वरून ९४ व्हायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात ८९ चे ८० होऊ शकते.

सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, असलेले रुग्ण वेगळे. वर्षानुवर्षे चुलीचा धूर किंवा विडी-सिगारेटमुळे फुप्फुसे खराब झालेल्या अनेकांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठरवतात. त्यांना ९८ वर नेण्यासाठी घरच्यांनी कंसंट्रेटरचा काटा वाढवला, तर अंगात कार्बन डायऑक्साइड साचून ते गुंगीत जाऊ शकतात. अशा रुग्णाचे लक्ष्य डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद कंसंट्रेटरवरच चिकटवा.

नेहमीचा आकडा माहीत असणे फार कामाचे. बरे असताना घेतलेली दोन-तीन वाचने वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नेहमी ९९ असणाऱ्याचे ९५ झाले तर यादीप्रमाणे ते ‘ठीक’ आहे, पण चार अंकांची ही घसरण मी तरी दुर्लक्षित करणार नाही.

चालून पाहणे. कोविडच्या काळात महाराष्ट्रात प्रचलित झालेली सहा मिनिटांची चाचणी न्यूमोनियातून उठणाऱ्या रुग्णाला आजही उपयोगी पडते. घरातल्या सपाट जमिनीवर, कोणीतरी सोबत असताना, नेहमीच्या चालीने. वयस्कर असतील तर तीन मिनिटे पुरेत. ९३ च्या खाली गेले, तीनपेक्षा जास्त अंक उतरले किंवा दम लागला, तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. बसल्या जागीच ९४ च्या खाली असेल किंवा दम लागत असेल तर ही चाचणी करायची नाही.

## यंत्र बरोबर, नाडीही जुळली, तरी आकडा फसवा

वरचे सगळे नीट केले तरी काही परिस्थितींत आकडा खोटा दिलासा देतो. यातली पहिली महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराने पाठ करावी.

गॅस गीझर. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो. खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावरही तेच. हा वायू हिमोग्लोबिनला चिकटतो आणि ऑक्सिमीटरच्या प्रकाशाला ते ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते. माणूस बेशुद्ध पडलेला आणि पडद्यावर ९९! अशा वेळी ऑक्सिमीटर बाजूला ठेवा. दारे-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ बोलवा, आणि हॉस्पिटलात गेल्या गेल्या ‘गॅस गीझर चालू होता’ हे सांगा. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते, बोटावरची नाही.

८५ वर अडकलेला आकडा. डॅप्सोनसारखी औषधे (कुष्ठरोगाच्या उपचारात हे असते) काहींच्या हिमोग्लोबिनचे स्वरूप बदलतात. मग ऑक्सिजन वाढवूनही आकडा ८५ च्या आसपासच राहतो, ओठ निळसर दिसतात. डॉक्टरांना सगळ्या औषधांची नावे सांगा.

रक्त कमी असणे. हिमोग्लोबिन ६ असलेल्या बाईचे एसपीओ-टू ९९ येऊ शकते. आहे तेवढे हिमोग्लोबिन भरलेले आहे, पण मुळात तेच अपुरे आहे. ‘ऑक्सिजन चांगला’ म्हणून तिचा थकवा, दम झटकून टाकू नका. सिकलसेलच्या रुग्णांतही, जे विदर्भात आणि नंदुरबारकडे बरेच आहेत, बोटावरचा आकडा आणि रक्ततपासणीचा आकडा यांत फरक पडू शकतो. त्यांच्यात नेहमीच्या आकड्याशीच तुलना करा.

त्वचेचा रंग. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्रावर ९२ ते ९६ दिसत असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांपैकी ११.७ टक्क्यांची खरी पातळी ८८ च्या खाली होती. श्वेतवर्णीयांत हे प्रमाण ३.६ टक्के होते. म्हणजे सावळ्या-काळ्या त्वचेवर आकडा असतो त्यापेक्षा चांगला दिसण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे हे विसरून चालणार नाही. गडद वर्णाच्या रुग्णाचे ९३-९४ आणि सोबत दम, हे मी ९० च्या गांभीर्याने घेईन.

ऑक्सिजनवर असलेला सुस्त रुग्ण. ऑपरेशननंतर वेदनाशामक गुंगीचे औषध दिलेला रुग्ण मिनिटाला सहाच श्वास घेत असला, तरी नाकातल्या नळीमुळे ९८ दाखवू शकतो. ऑक्सिमीटर श्वास मोजत नाही. श्वास आपणच मोजायचे.

## टप्पा ९: सलग मॉनिटरिंग

प्रोब तासन्‌तास राहणार असेल तर दर दोन-तीन तासांनी त्याखालची त्वचा पाहा आणि चार तासांच्या आत जागा बदला. लालसर खूण, फोड, दुखणे दिसले तर लगेच. चिकटपट्टीने प्रोब घट्ट गुंडाळू नका. त्याने ठोकाही दबतो आणि बोटाला जखमही होते. बेशुद्ध, सुजलेल्या आणि बीपी खूप कमी झालेल्या रुग्णांत हे जास्त.

तान्ह्या बाळाला मोठ्यांचा चिमटा लावूच नका. बाळांसाठी तळहाताला-पावलाला गुंडाळायचा प्रोब असतो. जन्मल्याबरोबर पाहायचे तर उजवा हात, आणि पहिल्या मिनिटाला ६०-६५ दिसणे नैसर्गिक आहे. निरोगी बाळाला ८५ च्या पुढे जायला दहा मिनिटेही लागू शकतात.

अलार्म वाजला की हात आधी आवाजाच्या बटणाकडे जातो. तो रुग्णाकडे जायला हवा: चेहरा, श्वास, नळी, मग प्रोब. ‘प्रोब निघाला असेल’ हे गृहीत धरायचे नाही, पाहायचे. खालची मर्यादा डॉक्टरांनी ठरवून द्यावी. सतत वाजतो म्हणून नातेवाइकांनी किंवा नव्या सिस्टरने ती ८५ वर नेऊन ठेवू नये.

## टप्पा १०: पुसणे आणि ठेवणे

प्रत्येक रुग्णानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने आतले रबर आणि प्रकाशाची काच पुसा, पूर्ण वाळू द्या. पाण्यात बुडवू नका, थेट फवारा मारू नका. काचेवर वाळलेला मळ किंवा सॅनिटायझरचा थर राहिला तर पुढचा आकडा बिघडतो. महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून, यंत्राच्याच डबीत वेगळे ठेवा. सेल आत राहून फुटला की संपर्काच्या पट्ट्या गंजतात आणि यंत्र दुरुस्त होत नाही. डबीत कोरी वही, पेन आणि घरातल्या प्रत्येकाचा बरे असतानाचा आकडाही असू द्या.